वायकीकीत सर्फिंग शिकताना: उभं राहायची घाई नको

होनोलुलू, म्हणजे वायकीकी किनारा ज्या हवाईयन शहरात आहे ते, आणि नागपूर जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, २१ अंशांच्या जरासं वर. मेअखेरीस आणि जुलैच्या मध्याला दोन्हीकडे भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. आपल्याकडे त्याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात, हवाईत ‘लाहाइना नून’. नागपूरकर त्या उन्हात शहाण्यासारखा घरात बसतो. हवाईत आलेला नवखा मात्र नेमका त्याच उन्हात पाठ उघडी टाकून दोन तास बोर्डवर पालथा पडतो. वारा गार, पाणी २४ ते २७ अंश, त्यामुळे पाठ भाजतेय हे कळतच नाही. रात्री शर्ट घालताना कळतं.

म्हणून सुरुवात कपड्यांपासून. पूर्ण बाह्यांचा, अंगाला घट्ट बसणारा रॅश गार्ड घ्या. खाली आखूड पँट किंवा लेगिंग्ज. सुती टी-शर्ट नको: तो पाणी पितो, जड होतो आणि काखेत घासून कातडी सोलवटतो. वेटसूटची गरज नाही. मंगळसूत्र, साखळी, अंगठी, लोंबते कानातले खोलीवरच काढून ठेवा. साखळी बोर्डाच्या दोरीत, म्हणजे लीशमध्ये, अडकते आणि अंगठी समुद्र परत देत नाही. चष्मा असेल तर मागून पट्टा बांधा. एकदा वापरून टाकायच्या लेन्स घातल्यात तर डोळ्यांत पाणी गेलं की मिटून घ्यायची सवय लावा.

सनस्क्रीन विकत घेताना डबीमागचं बारीक अक्षर वाचा. प्रवाळाला अपाय करतात म्हणून ऑक्सीबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेली सनस्क्रीन हवाईत १ जानेवारी २०२१ पासून विकायला बंदी आहे. झिंक ऑक्साइडचं पांढरं, जाडसर मलम घ्या. कान, मान, पोटऱ्या आणि गुडघ्यांच्या मागची लवण या जागा हमखास राहून जातात. तळहात, पोट आणि मांड्यांचा पुढचा भाग यांना मात्र लावू नका, नाहीतर बोर्डवरून साबणाच्या वडीसारखे घसराल.

समुद्र कुठला, दिवस कुठला

होनोलुलू ज्या बेटावर आहे त्या ओआहूला सर्फिंगच्या दृष्टीने दोन तोंडं आहेत. उत्तर किनाऱ्यावर, म्हणजे वायमेआ, पाइपलाइन, सनसेट इथे, नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात वीस-वीस फुटांच्या लाटा येतात. वायमेआवर जीवरक्षक असलेल्या एडी आइकाउच्या नावाने तिथे जी स्पर्धा होते, ती लाटेची दर्शनी उंची चाळीस फुटांच्या आसपास गेली तरच घेतात. त्यामुळे १९८० च्या दशकात सुरू होऊनही ती मोजक्याच वर्षी झाली आहे. तिथे नवख्याचं काम वाळूत बसून बघायचं, तेही ओल्या वाळूपासून बरंच मागे.

शिकायचं ते दक्षिणेला, वायकीकीत. दक्षिण गोलार्धातल्या वादळांच्या लाटा मे ते सप्टेंबरमध्ये हजारो किलोमीटर ओलांडून इथे येतात. हिवाळ्यात हा किनारा बहुधा शांत असतो आणि नवख्याला तेच बरं. शिकाऊंची जागा ‘कॅनोज’. तिला लागूनच असलेल्या ‘क्वीन्स’ला सराईत लोक असतात, तिकडे पहिल्या आठवड्यात फिरकू नका.

अंदाज बघताना फक्त उंची बघून भागत नाही. दोन लाटांमधलं अंतर सेकंदांत दिलेलं असतं, ते बघा. दोन फूट उंची आणि ८ सेकंद म्हणजे जवळच्या वाऱ्याने उठलेली चिल्लर. दोन फूट आणि १६ सेकंद म्हणजे लांबून आलेली, दमदार लाट, आणि तीही थव्याने. दहा-पंधरा मिनिटं काही नाही, मग एकामागून एक चार-पाच. या थव्याला ‘सेट’ म्हणतात. आणखी एक खोच म्हणजे हवाईयन मोजमाप. इथला माणूस ‘दोन फूट’ म्हणाला तर समोरून दिसणारी लाट चारेक फुटांची असते. पहिल्या काही दिवसांत त्यांच्या दोन फुटांच्या वर पाण्यात उतरू नका.

ईशान्येचा व्यापारी वारा वायकीकीत जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि लाटेचा चेहरा गुळगुळीत ठेवतो. दक्षिणेकडून ‘कोना’ वारा सुटला की पाणी खवळतं, तो दिवस सोडून द्यावा. भरती-ओहोटीतला फरक जेमतेम दोन फुटांचा. मुंबईचं चार-साडेचार मीटरचं उधाण पाहिलेल्याला ही भरती लुटूपुटूची वाटेल, पण तळाशी वाळू नाही, खडक आणि प्रवाळ आहे. ओहोटीला तेच पाणी छातीवरून मांडीवर येतं. गोव्यात वाळूवर फुटणाऱ्या लाटांवर शिकलेल्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावं. तिथे पडल्यावर नाकात वाळू जाते, इथे गुडघा फुटतो.

पोहता यायलाच हवं. पाय न टेकता २०० मीटर आणि एका जागी दहा मिनिटं तरंगणं, एवढं जमत असेल तरच बोर्ड घ्या. विहिरीत किंवा तलावात पोहायला शिकलेल्यांना दम असतो, पण धरायला कठडा असल्याची सवयही असते. इथे कठडा म्हणजे तुमचा बोर्ड, आणि तो नेमका हवा तेव्हा दूर गेलेला असतो.

बोर्ड

पुढचं टोक नोज, मागचं टेल, वरचा पृष्ठभाग डेक, कडा म्हणजे रेल, खालचं पातं म्हणजे फिन आणि घोट्याला बांधायची दोरी ती लीश. पहिला बोर्ड मऊ फोमचाच घ्या. वजन साठ किलोच्या आत असेल तर ९ फुटी, ऐंशीच्या पुढे १० फुटी किंवा मोठा. छोटा, टोकदार बोर्ड देखणा दिसतो, पण त्यावर नवख्याला एक लाटही मिळत नाही. लीशची लांबी बोर्डाएवढी असावी आणि ती मागच्या पायाला बांधायची. मागचा पाय कुठला हे ठाऊक नसेल तर कोणाला तरी पाठीमागून अचानक हलका धक्का द्यायला सांगा. सावरायला जो पाय पुढे येतो तो पुढचा. होनोलुलूच्या सार्वजनिक बसमध्ये सर्फबोर्ड नेता येत नाही, म्हणून भाड्याचा बोर्ड किनाऱ्यावरच घ्यावा. घेताना फिन हलवून बघा, लीशच्या दोन्ही टोकांचे पट्टे ओढून बघा, आणि आधीच्या खोचा-भेगांचे फोटो काढून ठेवा.

सर्फिंगला हवाईयन शब्द ‘हेए नालू’, लाटेवरून सरकणं. पूर्वी सरदार मंडळींचे ‘ओलो’ बोर्ड विलीविली नावाच्या हलक्या लाकडाचे असत. विलीविली म्हणजे आपल्या पांगाऱ्याचा सख्खा चुलतभाऊ. विलीविली फुलला की शार्क चावतो, अशी तिथे जुनी म्हण आहे. फुलण्याचा काळ उन्हाळाअखेर ते शरद. म्हणीवर हसू नका. त्या दिवसांत पहाटेच्या अंधारात, संध्याकाळी उशिरा आणि गढूळ पाण्यात न उतरण्याचा शिरस्ता आजही पाळतात.

वाळूवरची वीस मिनिटं

वाळूवर बोटाने बोर्डाची आकृती काढा. खरा बोर्ड ठेवून उड्या मारल्यात तर फिन मोडेल. पालथे झोपा. तळहात बरगड्यांच्या खालच्या टोकाशी, सपाट, भुजंगासनात ठेवतो तसे. हातांनी रेल पकडायच्या नाहीत. पकडल्या की बोर्ड एका अंगावर कलतो आणि तुम्ही त्याच्यासोबत. आता जोर मारताना उठतो तसे उठा. मागचा पाय आडवा टेकवा आणि पुढचा पाय दोन्ही तळहातांच्या मध्ये आणा. दोन्ही पावलं मधल्या रेषेवर, आडवी, खांद्याहून थोडी जास्त अंतरावर. गुडघे वाकलेले, पार्श्वभाग खाली, नजर किनाऱ्यावरच्या एखाद्या माडावर. पायांकडे बघितलंत की पडलात, याला अपवाद नाही.

बहुतेकांची एक चूक: आधी गुडघे टेकून मग उठणं. वाळूवर ते सोपं वाटतं, पाण्यात गुडघ्यावरून पुढे जाताच येत नाही. गुडघा न टेकता वीसदा जमेपर्यंत पाण्यात जाऊ नका.

पाण्यात

कुहिओ बीचवर ड्यूक कहानामोकूचा पुतळा आहे. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये १०० मीटर पोहण्याचं सुवर्णपदक जिंकणारा, सर्फिंग जगभर नेणारा हा वायकीकीचा माणूस. पुतळा समुद्राकडे पाठ करून उभा आहे आणि यावरून स्थानिक लोक कुरकुरत आले आहेत, कारण पाण्यात वाढलेला माणूस समुद्राकडे कधी पाठ करत नाही. उतरताना हे पाळा. बोर्ड तुमच्या बाजूला ठेवा, तुम्ही आणि लाट यांच्या मध्ये कधीच नाही. कंबरभर पाण्यात आडवा धरलेला बोर्ड लाटेने छातीवर आपटतो. खाली वाना असतात, काळ्या लांब काट्यांचे सागरी साळींदरच म्हणा, म्हणून मांडीएवढं पाणी लागलं की चालणं थांबवा आणि बोर्डवर पालथे व्हा.

पालथं होण्याची नेमकी जागा महत्त्वाची. बोर्डाचं नोज पाण्याच्या दोन-तीन बोटं वर राहायला हवं. ते बुडत असेल तर बोटभर मागे सरका. फार वर गेलं असेल तर तुम्ही नांगर ओढताय, पुढे सरका. जागा सापडली की हनुवटीखाली बोर्डवर येणारी एखादी खूण लक्षात ठेवा. मग एकेक हात लांब, खोल, सावकाश. चटाचटा पाणी उडवून काही होत नाही.

लाटा किनाऱ्यापासून दोन-तीनशे मीटर आत फुटतात. फुटणाऱ्या लाटांमधून सरळ जाऊ नका, बाजूच्या खोल, शांत पट्ट्यातून वळसा घालून जा. समोर फेस आलाच तर नोज त्याच्याकडे काटकोनात ठेवा. मोठा असेल तर दोन्ही रेल घट्ट धरून बोर्डासकट उलटे व्हा, तुम्ही खाली आणि बोर्ड वर, फेस वरून गेला की परत सुलटे. बोर्ड सोडून बुडी मारणं हा इथला सर्वांत मोठा अपराध. दहा फुटी बोर्ड आणि दहा फुटी लीश मिळून तुमच्या मागे वीस फुटांपर्यंत कोणाचंही डोकं फुटू शकतं.

रांग

लाईनअपमध्ये, म्हणजे लाटेची वाट बघत थांबायच्या जागी, पोचलात की बोर्डवर बसा आणि पंधरा मिनिटं नुसतं बघा. कोण कुठे बसतंय, लाट आधी कुठे मोडते, कोणाची पाळी चाललीय. नियम एकच, आणि सगळी भांडणं त्याच्यावरून होतात: लाट जिथे आधी फुटते त्या शिखराच्या जवळ जो, लाट त्याची. तो उठला की तुम्ही थांबायचं. त्याच्या पुढ्यात लाट घेणं म्हणजे ‘ड्रॉप इन’. वळसा मारून हळूच शिखराकडे सरकणं हेही लबाडीतच जमा, मुंबई लोकलच्या तिकिटाच्या रांगेत मध्ये घुसण्यासारखं. चूक झाली तर हात वर करून ‘सॉरी’ म्हणा. एकदा केलेली चूक लोक सोडून देतात.

तुम्ही आत येताय आणि कोणी लाटेवरून तुमच्या दिशेने येतोय, अशा वेळी त्याच्या पुढून पळायचा मोह होतो. उलट करा: त्याच्या मागच्या फेसाकडे वळा. फेसाचा मार तुम्ही खा, त्याची वाट मोकळी ठेवा. उलांडी लावलेल्या लांब होड्याही याच लाटांवरून येतात, त्यांना झटक्यात वळता येत नाही. त्या दिसल्या की तुम्हीच बाजूला व्हा, हक्काचा हिशेब नंतर. ‘आउटसाइड!’ अशी आरोळी आली तर मोठा सेट येतोय, समुद्राच्या दिशेने हात मारायला लागा.

आता उभे राहा

लाट पाच-सहा मीटरवर असताना किनाऱ्याकडे तोंड करून हात मारायला सुरुवात. चार-सहा जोरदार हात. शेपूट उचललं जातं, बोर्ड आपोआप पुढे ओढला जातो. नवखा नेमका इथे उठतो आणि लाट त्याच्या खालून निघून जाते. आणखी दोन हात मारा, मग उठा. ‘दोन जादा हात’ एवढं एक ध्यानात ठेवलंत तरी निम्मं काम झालं.

नोज पाण्यात घुसून कोलांटी झाली तर तुम्ही पुढे झोपला होतात किंवा लाट फार उभी होईपर्यंत थांबलात. लाट मिळाली तरी बोर्ड मागे रेंगाळला तर फार मागे होतात. उठताच एका बाजूला पडलात तर पावलं मधल्या रेषेवर नव्हती. पहिल्या दिवशी फेसाळ पाण्यात पालथ्याने दहा लाटा नीट किनाऱ्यापर्यंत नेल्या तर तो दिवस उत्तम गेला, उभं राहणं झालं नाही तरी.

पडताना आडवे, पसरट पडा, बसल्यासारखे किंवा पाठीवर. डोक्यावर सूर कधीच नाही, उभ्या पायांनीही नाही. पाण्याखाली हातांनी डोकं झाका, आणि वर येताना एक हात आधी वर काढा. तिथे बोर्ड असू शकतो.

पाठीचं एक विशेष

एक दुखणं नवख्यांनाच होतं आणि त्याचं वर्णन २००४ मध्ये हवाईतूनच प्रथम आलं: सर्फर्स मायलोपथी. तास-तासभर पालथं पडून पाठ कमानीसारखी मागे वाकवल्याने मज्जारज्जूचा रक्तपुरवठा अडतो. दुर्मीळ आहे, पण तरुण, धडधाकट माणसाचेही पाय लुळे पडू शकतात. कुठेही आपटलेलं नसताना पाठीत अचानक कळ, मग पायांना मुंग्या किंवा बधिरपणा, लघवी न होणं, ही लक्षणं. ‘उसण भरली असेल’ म्हणून चोळत बसू नका. ताबडतोब पाण्याबाहेर आणि थेट रुग्णालयात. टाळायचं कसं? दोन लाटांच्या मध्ये उठून बसा, भरपूर पाणी पिऊन या, आणि पहिलं सत्र दीड तासाच्या पुढे ओढू नका.

बाकीचे धोके थोडक्यात. प्रवाळाने कापलं तर साबण आणि गोड्या पाण्याने घासून धुवा. ही जखम लगेच चिघळते. पौर्णिमेनंतर ८ ते १० दिवसांनी, म्हणजे साधारण वद्य अष्टमी ते दशमीला, वायकीकीत बॉक्स जेलीफिश येतात. मोबाइलवरचं पंचांग इथे खरंच उपयोगी पडतं. डंख झाला तर व्हिनेगर ओता, चिकटलेले धागे चिमट्याने काढा, मग सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग धरा. श्वास लागला तर जीवरक्षकाला हाक मारा. मोठ्या पावसानंतर पाणी तपकिरी दिसलं तर आत जाऊ नका, आणि डोंगरातल्या ओढ्यांत जखम घेऊन उतरू नका. लेप्टो तिथेही आहे. होनू, म्हणजे समुद्री कासवं, यांच्यापासून १० फूट आणि वाळूत झोपलेल्या मंक सीलपासून ५० फूट दूर राहतात.

पाण्याबाहेर

घरात शिरताना चपला बाहेर काढायच्या, हे मराठी माणसाला शिकवायला नको. गंमत म्हणजे त्या चपलांना तेही ‘स्लीपर’च म्हणतात. दिशा सांगताना उत्तर-दक्षिण कोणी म्हणत नाही: ‘मौका’ म्हणजे डोंगराकडे, ‘माकाई’ म्हणजे समुद्राकडे. ‘कापू’ लिहिलेल्या पाटीपलीकडे जाऊ नका, देवस्थानांच्या दगडी चौथऱ्यांवर चढू नका. समुद्रकिनारे सगळ्यांचे आहेत, आलिशान हॉटेलांसमोरचेसुद्धा. गाडीत मात्र काहीही ठेवू नका, डिकीतही नाही.

खाण्याबाबत एकच मत ठामपणे द्यावंसं वाटतं: प्लेट लंच रोज नको. दोन डाव भात, मॅकरोनी सॅलड आणि तळलेलं मांस हे लाटांनंतर स्वर्गीय लागतं आणि दुपारभर झोपवतं. बेटाचं जुनं अन्न वेगळं. कालो म्हणजे आपलं अळू. तिथे मुख्य खाणं त्याचा कंद. उकडून, कुटून, पाणी घालून पोई करतात आणि एका, दोन की तीन बोटांनी उचलता येते यावरून तिचा घट्टपणा सांगतात. ताजी पोई पिठूळ, दोन-तीन दिवसांनी आंबूस. चवीची सवय लागायला वेळ लागतो, माशासोबत खा. कालो हा माणसाचा थोरला भाऊ अशी श्रद्धा आहे, म्हणून पोईचं भांडं उघडं असताना भांडायचं नाही. ऊलू म्हणजे नीरफणस. कोकणातल्यासारखे काप तव्यावर मस्त होतात. वायआनाएच्या आरोग्य केंद्रात २० मूळ हवाईयनांनी २१ दिवस हा जुना आहार, कालो, रताळी, ऊलू, पालेभाजी, समुद्री शेवाळ आणि थोडे मासे, पोटभर खाल्ला. १९९१ मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात वजन सरासरी ७.८ किलो उतरलं होतं.

शनिवारी सकाळी डायमंड हेडजवळच्या कापिओलानी कम्युनिटी कॉलेजच्या आवारात शेतकरी बाजार भरतो. बाजारात अळूची पानं मिळाली तर घाई करू नका, तासभर शिजवा आणि चिंच घाला. घसा खवखवण्याचं कारण दोन्हीकडे एकच.

शेवटी एक आवाज. महिन्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी सकाळी पावणेबाराला बेटभर भोंगे वाजतात. ती चाचणी असते, कोणी मान वर करत नाही. इतर कुठल्याही वेळी भोंगा वाजला, किंवा उभं राहता येऊ नये इतकी जमीन हलली, तर त्सुनामी येतेय असं समजून बोर्ड तिथेच टाका आणि मौका दिशेने, उंचावर निघा. वायकीकीत तेवढा वेळ नसेल तर दहा किंवा जास्त मजल्यांच्या इमारतीत शिरा आणि जिन्याने चौथ्या मजल्यावर किंवा त्याच्या वर जा.